श्रीखंडाच्या डब्यातलं इंजेक्शन

माझं लग्न छत्तीसपैकी तेहतीस गुण जुळवून झालं. उरलेले तीन रक्तात होते, आणि तिथे कोणी बघितलंच नव्हतं.

बाकी बघायचं ते सगळं बघून झालं होतं. पत्रिकेच्या बाबतीत आमची आई कोणाच्या बापाचं ऐकत नाही (माझ्या तर नाहीच). नाड वेगळी, गण एक, मंगळ सौम्य. मुलगी लालबागची, मालवणी. आम्ही दादरचे, शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीतले. मासे दोन्हीकडे चालतात, म्हणजे संस्कारही जुळतात, असा आईचा निर्वाळा. नाड वेगळी असली की रक्ताची काळजीच नसते, हेही तिनेच सांगितलं होतं. कोणत्या शास्त्राच्या आधारे, ते विचारायची आमच्या घरात पद्धत नाही.

लग्नाला दोन वर्षं झाली आणि प्राचीला दिवस गेले. परळच्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही चौघं गेलो. म्हणजे जायचं दोघांनीच होतं, पण आई म्हणाली, "तुला काही विचारलं तर सांगता येणार आहे का?" आणि आई निघाली म्हणून बाबाही निघाले. खुर्च्या दोन. मी आणि बाबा वजनाच्या काट्याशेजारी उभे.

"रक्तगट?" डॉक्टरीणबाईंनी प्राचीला विचारलं.

"बी निगेटिव्ह."

"आणि मिस्टरांचा?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "आमच्याकडे सगळे पॉझिटिव्ह!" लोक ‘आमच्याकडे सगळे ग्रॅज्युएट’ म्हणतात ना, त्याच सुरात.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "असं आहे," त्या म्हणाल्या, "आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असले, तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात गेलं, तर आईचं शरीर त्याला परकं समजतं आणि त्याच्याविरुद्ध तयारी करून ठेवतं. पहिल्या बाळाला सहसा काही होत नाही. पुढच्या बाळाला मात्र खूप त्रास होऊ शकतो. म्हणून सातव्या महिन्यात एक इंजेक्शन द्यायचं. आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं, तर बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत दुसरं."

"पण नाड तर वेगळी होती!" आई म्हणाली.

"ह्याचा पत्रिकेशी काही संबंध नाही हो. आणि घाबरायचंही कारण नाही. फक्त इंजेक्शन वेळेवर घ्यायचं."

"दोघांमध्ये काही तडजोड नाही का होणार?" बाबांनी काट्याशेजारून विचारलं. बाबा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेत. प्रत्येक गोष्ट दोन्ही पक्षांना समोर बसवून सुटते, असा त्यांचा अनुभव आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हा प्रश्न शिवाजी पार्कवर गेला. तिथे बाबांचा फिरायला जाणारा ग्रुप आहे, आणि पार्काची पहिली फेरी संपायच्या आत ते जगातला कुठलाही प्रश्न सोडवतात. त्यांचे म्होरके प्रधानकाका. आयुष्यभर पूल बांधले, पण बोलतात डॉक्टरच्या वर.

बाबा पोहे खाता खाता गंभीरपणे म्हणाले, "प्रधान म्हणतो, समीरचं रक्त थोडं थोडं करून बदलून घेतलं तर?"

"बाबा, मी काय गच्चीवरची टाकी आहे?"

"तसं नाही रे. हप्त्याहप्त्याने."

प्राचीला हसून हसून ठसका लागला. आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू हे तिच्या मनात कालच येऊन गेलं होतं.

ह्या सगळ्यात एकच माणूस विनोद करत नव्हता. माझ्या सासूबाई. त्या रोज लालबागहून फोन करायच्या. "जावईबापू, बाकी काय पण विसरा, तां इंजेक्शन तेवढं विसरू नका हां." मी दर वेळी "हो हो" म्हणायचो. मला वाटायचं, काळजी करायचा स्वभाव असतो एकेकाचा.

सातवा महिना लागला आणि डोहाळजेवणाचा घाट घातला गेला. झालं असं, की इंजेक्शनही नेमकं त्याच आठवड्यात! आईने जाहीर केलं, "ओटी भरायच्या आधी सुई टोचायची नाही. आणि त्या दिवशी माझ्या घरात सुई दिसता कामा नये." डॉक्टरीणबाई समजूतदार. त्या म्हणाल्या, "रविवारी जेवण उरका, सोमवारी सकाळी या. पण सोमवार चुकवू नका. आणि आमच्याकडचा साठा संपलाय, तेव्हा येताना केमिस्टकडून घेऊन या."

"मी आणतो!" मी म्हणालो. प्राचीने चमकून बघितलं. कारण इंजेक्शनच्या खोक्यावर सुईचं नुसतं चित्र असलं तरी मला दरदरून घाम फुटतो. पण होणाऱ्या बापाने काहीतरी करायला नको का?

केमिस्टने ते मागवून ठेवलं होतं. शनिवारी संध्याकाळी त्याने छोटंसं खोकं थंड पिशवीत गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि वर दम दिला. "फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीजरमध्ये नाही! गोठलं तर फेकायचं, बाहेर राहिलं तरी गेलं. आणि हे एकच आलंय, दुसरं कधी येईल सांगता येत नाही."

मी ते खोकं तान्ह्या बाळासारखं छातीशी धरून घरी आणलं आणि फ्रीज उघडला.

इथे आमच्या फ्रीजची ओळख करून द्यायला हवी. आई श्रीखंडाचा रिकामा डबा कधी टाकत नाही. आमच्या फ्रीजमध्ये एका वेळी सहा-सात डबे असतात, सगळ्यांवर ‘केशर-वेलची श्रीखंड’ छापलेलं, आणि एकातही श्रीखंड नसतं. एकात सोललेले वाल, एकात ओलं खोबरं, एकात साय, एकात आलं-लसणाचं वाटण. लहानपणी मी ह्या डब्यांना इतका फसलोय, की अजूनही श्रीखंड म्हटलं की मला जिभेवर लसूण आठवते.

तेव्हा माझ्या डोक्यात जो विचार आला, तो मला त्या वेळी थोर वाटला. ह्या घरात जी वस्तू कोणाला दिसायला नको, तिला श्रीखंडाच्या डब्यापेक्षा सुरक्षित जागा कोणती? मी एक रिकामा डबा घेतला, खोकं थंड पिशवीसकट आत ठेवलं, झाकण लावलं आणि डबा वालांच्या मागे सारला.

"नीट ठेवलंस ना?" प्राचीने विचारलं.

"एकदम. तू काळजी करू नकोस." (ह्या वाक्यानंतर आमच्या घरात आजवर एकही गोष्ट नीट झालेली नाही.)

रविवारी घर फुलून गेलं. झोपाळ्याला शेवंतीच्या माळा, प्राचीला हिरवी साडी, अंगावर फुलांचे दागिने. ओटी भरली, गाणी झाली आणि मग आल्या त्या दोन झाकलेल्या वाट्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पोटुशीने एक वाटी उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी.

"मी हे नाही करणार," प्राची म्हणाली. "मुलगा की मुलगी, मला दोन्ही सारखंच. ओळखायचंच असेल तर बाळाचा रक्तगट ओळखा! पेढा म्हणजे पॉझिटिव्ह, बर्फी म्हणजे निगेटिव्ह."

"हे काय भलतंच!" आई म्हणाली. पण दुसऱ्याच क्षणी तिच्या लक्षात आलं, की हा सामना आहे. दादर विरुद्ध लालबाग! आमच्या बाजूच्या बायका "पेढा! पेढा!" करून ओरडायला लागल्या, लालबागकडच्या "बर्फी गो बर्फी!" म्हणून त्यांच्यावर कडी करायला लागल्या. प्रधानकाकांनी दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवल्या.

प्राचीने वाटी उघडली. पेढा!

"आमच्यावर गेलं गं बाई!" आई आनंदाने म्हणाली. सासूबाईंनी मात्र तो पेढा उचलला, प्राचीच्या तोंडात घातला आणि सगळ्या गलक्यातून मला विचारलं, "जावईबापू, इंजेक्शन आणलांत ना?"

"आणलंय, आणलंय! जागेवर आहे!"

"सोमवारची गोष्ट सोमवारी," आई घाईघाईने म्हणाली आणि पानं वाढायला घेतली.

जेवणं झाली, पाहुणे पांगायला लागले. मी खाली टॅक्स्या थांबवत होतो. शेवटची टॅक्सी गेली आणि मी वर येऊन सहज, खरंच सहज, फ्रीज उघडला.

वाल होते. वालांच्या मागे फ्रीजची पांढरी भिंत होती.

"आई! इथला डबा कुठे गेला?"

"कुठला?"

"श्रीखंडाचा!"

"अरे, दिले की! रिकाम्या हाती कोणाला कसं पाठवायचं? प्रधान भावजींना एक, गिरगावच्या कुंदाला एक, विहीणबाईंना एक."

"उघडून बघितलेस?"

आई माझ्याकडे बघतच राहिली. "श्रीखंडाच्या डब्यात काय असणार? श्रीखंडच!"

इतकी वर्षं ह्या बाईने श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड सोडून सगळं ठेवलं! पण त्या दिवशी पाहुण्यांसाठी खरोखरचं श्रीखंड विकत आणलं होतं, आणि उरलेल्या डब्यांमध्ये माझाही डबा जाऊन बसला होता. आयुष्यात पहिल्यांदाच आईने डब्यावर छापलेल्या अक्षरांवर विश्वास ठेवला होता.

तिला सांगायची सोय नव्हती. प्राचीला तर नव्हतीच. ती पाय वर करून पडली होती. मी बाल्कनीत जाऊन प्रधानकाकांना फोन लावला.

"काका, तो डबा उघडू नका!"

"उघडला."

"आत काय होतं?"

"होतं म्हणजे... आता नाहीये." काकांनी आवाज खाली आणला. "घरी पोचायच्या आधीच कट्ट्यावर बसून संपवला रे. तुझ्या काकूला सांगू नकोस, मला शुगर आहे."

म्हणजे तो डबा खरा. पुढचा फोन कुंदामावशीला. ही आईची मैत्रीण. ती अजून टॅक्सीतच होती.

"मावशी, डबा उघडून बघतेस का जरा?"

"चालत्या टॅक्सीत? अरे, माझी साडी रेशमाची आहे!"

"प्लीज, मावशी."

खडखड झाली, मग शांतता. "श्रीखंडच आहे. का रे?"

"नक्की ना?"

"बोट घालून चाटलं! आता आणखी काय करू?"

म्हणजे उरल्या सासूबाई. मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. जी बाई रोज फोन करून सांगत होती की इंजेक्शन विसरू नका, तिच्याच हातात ते श्रीखंड म्हणून गेलं होतं! तिने तो डबा ओट्यावर ठेवला असला तर? फ्रीजरमध्ये टाकला असला तर? उद्या सकाळी प्राचीला काय सांगायचं? गंमत गंमत म्हणत होतो, पण त्या क्षणी मला खरोखर भीती वाटली.

मी चपला घातल्या.

"कुठे निघालास?" आतून प्राची.

"तुझ्या मम्मी चष्मा विसरल्यात!"

"मम्मीला चष्मा नाहीये!"

"म्हणूनच!" असं म्हणून मी जिना उतरलो. ह्याचा अर्थ काय, ते मला अजून कळलेलं नाही.

लालबागला पोचलो तेव्हा मी घामाने निथळत होतो. सासूबाईंचं दार सताड उघडं. मी आत पाऊल टाकलं आणि थबकलो. रविवारची संध्याकाळ असून घरात माशाचा वास नव्हता! आणि सासूबाई डोहाळजेवणाची भरजरी साडीसुद्धा न बदलता, फ्रीजच्या दाराला पाठ लावून स्टुलावर बसल्या होत्या.

"जावईबापू! बसा. पण फ्रीज उघडू नका हां, थंडी जाते."

"मम्मी, तो डबा..."

"आत आहे. मधल्या फळीवर, एकटाच. मंगेशक पण सांगितलंय, आज थंड पाणी मागायचं नाय." (मंगेश म्हणजे प्राचीचा मोठा भाऊ. तो कोपऱ्यात माठातलं पाणी पीत, माझ्याकडे कीव करून बघत होता.) "बांगडे होते, ते शेजारणीला देऊन टाकले. औषधाला वास लागला तर?"

मालवणी बाईने रविवारचे बांगडे शेजारणीला दिले, हे वाक्य ज्याला समजेल त्यालाच माझी अवस्था समजेल.

"फोन वाजत होता," त्या म्हणाल्या, "पण उठले नाय. उठले असते तर कोणीतरी फ्रीज उघडला असता."

"तुम्ही डबा उघडून बघितलात?"

"हातात घेतला तेव्हाच कळलं, श्रीखंडाचं वजन नाय ह्यात. टॅक्सीत उघडला. बघितलं तर इंजेक्शन! डायवरला म्हटलं, एसी लाव आणि गाडी पळव." मग त्यांचा आवाज बदलला. "तुमच्या आईचं मला नवल वाटलं हां. आज सुई घरात नको म्हणाल्या, बरोबरच आहे. पण टाकून नाय दिली, माझ्याकडे पाठवली. एवढा भरवसा टाकला माझ्यावर. त्यांना कोणी सांगितलं होतं काय?"

"काय सांगायचं होतं?"

सासूबाईंनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "मंगेश गावाला झाला. तेव्हा कोणी असलं इंजेक्शन दिलं नाय, कोणाला ठाऊकच नव्हतं. त्याच्या पाठीवर एक मुलगा झाला. दोन दिवसांत पिवळाधमक पडला. गेला. मग प्राचीच्या वेळी मी नुसती देवाला हात जोडून होते. डॉक्टर म्हणाला, पोरगी तुझ्याच रक्तावर गेली, म्हणून वाचली."

गेले कित्येक महिने मी ह्या बाईच्या फोनला नुसतं "हो हो" म्हणत होतो.

"हो, मम्मी," मी म्हणालो. "आईच म्हणाली, हे तुमच्याकडेच द्यायचं." इतकं सफाईने मी आयुष्यात कधी खोटं बोललो नाही, आणि त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही.

डबा मी घेऊन जातो म्हटलं, तर त्यांनी साफ नकार दिला. उद्या त्या स्वतः आणणार होत्या.

घरी आलो तर प्राची झोपाळ्यावर बसली होती. "मिळाला चष्मा?"

"मिळाला."

"डब्यात होता ना?"

मी चपला काढून नीट जोडीने लावायला लागलो.

"मम्मीचा आत्ताच फोन आला होता. तुमच्या घरच्यांचं इतकं कौतुक करत होती, की मला संशयच आला." मग ती म्हणाली, "त्या बाळाचं तिने मला कधी सांगितलं नव्हतं. आज पहिल्यांदा बोलली. खरं काय घडलं ते तिला कधीच सांगायचं नाही, कळलं?"

"कळलं."

"आणि तू फ्रीजला हात लावायचा नाहीस."

"बरं."

सोमवारी सकाळी परळच्या दवाखान्यात आम्ही पोचलो, तर सासूबाई आधीच येऊन बसलेल्या. मांडीवर टर्किश टॉवेलात गुंडाळलेला डबा. त्यांनी टॉवेल उलगडला आणि आईने एकदम बोट दाखवलं. "अगंबाई, हा तर माझा..."

"विहीणबाई!" सासूबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "तुम्ही एवढी जोखमीची वस्तू माझ्याकडे ठेवलीत. मी जन्मात विसरणार नाय."

आईने त्यांच्याकडे बघितलं. मग डब्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी भिंतीवरचा बाळाच्या वाढीचा तक्ता फार मन लावून वाचायला लागलो. आमची आई कशीही असली, तरी तिला माणूस कळतो. डोळ्याची पापणी न लववता ती म्हणाली, "अहो, तुमच्याशिवाय ठेवणार कोणाकडे?"

आणि दोघी एकमेकींचे हात तसेच धरून बसल्या. तेहतीस गुणांनी जे दोन वर्षांत जमलं नव्हतं, ते तिथे बाकड्यावर जमलं.

आतून बोलावणं आलं. सगळे गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आणल्यापासून फ्रीजमध्येच होतं ना?" सासूबाईंनी शनिवारपासूनचा नसला, तरी रविवारपासूनचा सगळा हिशेब दिला: थंड पिशवी, एसी, मधली फळी, मंगेशचं पाणी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "माझ्या दवाखान्यातसुद्धा इतकं कोणी जपत नाही." मग सिस्टरने सुई काढली, मी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा सगळं झालं होतं. प्राची हाताने दंड चोळत हसत होती. आई आणि सासूबाई दोन्ही बाजूंनी तिला टेकून उभ्या होत्या. मला इतकं हलकं वाटलं, की मी सिस्टरलाही "थँक्यू, थँक्यू" म्हणत सुटलो.

सिस्टरने त्या चिंचोळ्या खोलीतली गर्दी बघून कपाळाला आठ्या घातल्या. "पेशंटला थोडा वेळ पडू द्या. जवळ कोण थांबणार?"

"मी आजी," आई म्हणाली.

"मी पण आजी," सासूबाई म्हणाल्या. "रात्रभर औषध मीच सांभाळलंय."

"बरं, दोघी थांबा." सिस्टर माझ्याकडे वळली. "आणि हे कोण?"

मी छाती पुढे काढली. पण उत्तर प्राचीने दिलं.

"हा माझा नवरा. ह्याचं रक्त पॉझिटिव्ह आहे, म्हणून तर हे इंजेक्शन घ्यावं लागलं."

सिस्टरने मला नखशिखांत न्याहाळलं.

"मग आधी तुम्हीच बाहेर व्हा!"